बाजू, बाजू!

रविवार सकाळ, नाश्त्याचं हॉटेल. वेटरच्या हातावर तीन प्लेटा, त्यांत सांबाराच्या वाट्या. "बाजू, बाजू!" म्हणत तो येतोय आणि त्याच वाटेवर एक चार-पाच वर्षांचा पोरगा तोंडाने गाडी चालवतोय. आई फोटो काढतेय, डोशाचे.

*

दक्षिण कोरियात अशा काही ठिकाणी दारावरच पाटी असते, 'नो किड्स झोन'. शब्द इंग्रजी, लिपी कोरियन. तिकडे पुष्कळदा टेबलावरच शेगडी असते आणि तिच्यावर रटरटतं पातेलं. धावतं पोर भाजलं तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडू शकते. मालक घाबरतो, हे मला समजतं.

जेजू बेटावरच्या एका इटालियन रेस्टॉरंटने तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मज्जाव केला होता. हा भेदभाव आहे, असं तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2017 साली सांगितलं. पण आयोग फक्त शिफारस करू शकतो. पाट्या राहिल्याच. 2023 मध्ये खासदार योंग ह्ये-इन आपल्या लहानग्याला घेऊन संसदेत पत्रकारांसमोर आल्या आणि हे झोन बंद करा म्हणाल्या. त्या वर्षी देशाचा जननदर होता बाईमागे 0.72 मूल. (पाट्यांमुळे लोक मुलं होऊ देत नाहीत, हा तर्क मला ओढूनताणून वाटतो. घरांच्या किमती आणि शिकवण्यांचा खर्च आधी बघा.)

त्याच वर्षी तिथल्या एका कॅफेने साठीच्या पुढच्यांना मनाई केली.

मी एकसष्टचा.

*

न्यू जर्सीतल्या 'नेटीज हाउस ऑफ स्पॅगेटी'ने 2023 मध्ये दहा वर्षांखालची मुलं बंद केली. कारणं: गोंगाट, सांडलवंड, उंच खुर्च्यांना जागा नाही, पळापळ. यातली खुर्ची सोडली तर बाकी सगळं आमच्या भिशीच्या ग्रुपलाही लागू.

*

आपल्याकडे उलटं. 'फॅमिली रूम' वर, पंख्याखाली. एकटा पुरुष खाली, मोरीजवळ. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला कोणी तो जिना चढू दिला नाही. भेदभाव वगैरे सुचलंच नाही. उकडायचं फार.

*

मुलांशिवायची वेळ ठेवावी म्हणतात, रात्री नऊनंतरची. आपली मुलं जेवायला बसतात कधी?

*

जुन्या इराण्यांच्या पाट्या आठवतात. केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका. गिऱ्हाइकाने काय करू नये तेवढं लिहिलेलं. त्याचं वय कोणी विचारत नसे. आता आईबापांना 'पोराला बसवा' म्हणायची मालकाची छाती होत नाही, म्हणून तो पोराच्या वयाची पाटी लावतो. 'पळू नका' एवढी पाटी मी आनंदाने वाचेन.

*

वेटरने प्लेटा एका हातावर तोलल्या, मोकळ्या हाताने पोराला अलगद खुर्चीकडे वळवलं. आईने फोन ठेवला.

"बस बघू. नाहीतर ते आजोबा रागावतील हं."

मी पेपर जरा वर धरला.