बॅटरीलाही ऊन लागतं!

मे महिन्यात बल्लारपूरला कुणी हौसेने जात नाही. जाणारा एकतर तिथला जावई असतो, नाहीतर कामावर पाठवलेला. पेपर मिल, कोळशाच्या खाणी, सागवानाचा डेपो (2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड इथूनच गेलं). काम निघायला कारणं पुष्कळ. स्टेशनचं नाव बल्लारशाह, गावाचं बल्लारपूर, दोन्ही गोंड राजांच्या आठवणीची. वर्धेच्या काठावर त्यांचा किल्ला आहे. पण तो सकाळीच बघायचा. मे महिन्यात पारा 46 अंशांवर जाणं ही इथे बातमीसुद्धा नसते.

आता दुपारी लॉजवर लॅपटॉप उघडा. चार्जर लावलाय, दिवा पेटलाय, पण टक्के काही जागचे हलत नाहीत. संध्याकाळी प्रेझेंटेशन पाठवायचंय आणि पोटात गोळा! आपण लगेच नव्या बॅटरीचा भाव विचारायला धावतो. बाजारातल्या रिपेअरवाल्याने मात्र मशीन उघडलंच नाही. हात लावून म्हणाला, "बॅटरी खराब नाही जी, तिले गर्मी होऊन रायली."

अगदी बरोबर! लिथियम-आयन बॅटरी साधारण 0 ते 45 अंशांतच चार्ज करायची असते. हे तापमान खोलीचं नव्हे, बॅटरीचं. खोली 40 वर, त्यात प्रोसेसरची धग आणि खाली गादी. आतला सेन्सर हे ओळखतो आणि चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. म्हणजे तिची तक्रार नाही, स्वतःचा बचाव आहे.

तेव्हा लॅपटॉप बंद करा, गादीवरून उचलून फरशीवर ठेवा, अर्धा तास थांबा. कूलर चालेल, पण त्याच्या अगदी तोंडाशी नको. ती हवा ओली असते. फ्रीजमध्ये तर मुळीच नको (ठेवणारे महाभाग आहेत!), बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हातल्या गाडीत सोडून जाऊ नका, ती लवकर म्हातारी होते.

गार सकाळीही चार्ज होत नसेल तर मग संशय घ्या. 65 वॅटच्या मशीनला मोबाइलचा 20 वॅटचा चार्जर लावलाय का? 80 टक्क्यांवर थांबण्याचं सेटिंग चालू आहे का? कधीकधी एवढंच असतं. पण टचपॅड वर उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगलीये. तिथे जुगाड नको. चार्जर काढा, दाबू-टोचू नका आणि सरळ दुकान गाठा.

बाकी इथली सगळी कामं सकाळीच उरकतात, दुपारी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. चार्जिंगही पहाटे साडेपाचला लावून टाका. ते होईपर्यंत किल्ला बघून होतो.