पडद्यावरचा डाग

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाचे पडदे आजच्यासारखे सपाट नव्हते. काचेची मोठी नळी पोटात घेऊन बसलेली ती अवजड पेटी निम्मे मेज अडवीत असे. अशाच एका पेटीसमोर मधल्या सुट्टीत एक शाळकरी मुलगा एकटाच उभा होता. त्याच्या हातात जुन्या स्पीकरमधून काढलेला जड लोहचुंबक होता.

चुंबक काचेजवळ जाताच पडद्यावरील अक्षरे वाकली आणि तांबडे, हिरवे, निळे पट्टे फुलून आले. मुलगा हरखून गेला. परंतु चुंबक दूर केला तरी एका कोपऱ्यात जांभळा डाग उरलाच! त्याने बाहीने काच पुसली. डाग काचेवर नव्हताच. तो पुसला जाणार कसा?

घंटा झाली. कोणी पाहिले नव्हते. निसटून जाणे सोपे होते. तरीही तो थांबला आणि गुरुजी येताच त्याने चुंबक त्यांच्यापुढे धरला.

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. शाळेत संगणक दोनच होते. मग ते म्हणाले, "अरे, या नळीत मागून इलेक्ट्रॉनांचे झोत येतात आणि पडद्यावरील रंगकणांना उजळतात. चुंबक त्या झोतांना वळवितो. १८९७ साली थॉमसन यांनी असेच झोत चुंबक व वीज यांच्या योगाने वळवून इलेक्ट्रॉन ओळखला. १९६५ साली नाम जून पाइक या कलावंताने दूरचित्रवाणी संचावर नालाकृती चुंबक ठेवून त्याचीच कलाकृती केली."

"मग हा डाग का राहिला, गुरुजी?"

"पाइकचा संच काळा-पांढरा होता. रंगीत नळीत काचेमागे बारीक छिद्रांची धातूची जाळी असते. प्रत्येक झोत आपापल्या रंगकणांवरच पडावा, हे तिचे काम. ती जाळीच आता चुंबक झाली आहे."

गुरुजींनी यंत्र बंद केले. काही वेळाने ते सुरू करताच 'धम्म' असा आवाज झाला. चित्र उमटले, तेव्हा डाग फिका झाला होता. नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून आरंभी उलटसुलट दिशांनी वाहणारा प्रवाह जातो. तो भराभर क्षीण होतो आणि जाळीचे चुंबकत्वही त्याच्यासवे ओसरते. मात्र हा उपाय लागोपाठ करून भागत नाही. प्रवाह आवरणारा भाग तापलेला असतो, तो आधी निवावा लागतो. मुलगा शाळा सुटल्यावरही थांबला. चौथ्या खेपेस पडदा स्वच्छ झाला.

"जाळी वाकली असती, तर मात्र हा उपाय चालला नसता," गुरुजी म्हणाले. "पुढच्या वेळी प्रयोगाआधी विचार."

त्या पेट्या आता भंगारात गेल्या. आजच्या सपाट पडद्यांत तसे झोत नाहीत, म्हणून त्यांवर चुंबकाने असे रंग फुलत नाहीत. पण त्या दिवशी मुलगा गप्प राहिला असता, तर तो डाग दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर राहिला असता. ते चुंबकत्व कोणत्या वेटोळ्याने उतरले असते?