एल्फांची बोली आणि आमची

पुसेगाव म्हटलं की लोक साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव धरतात. माझं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. गेल्या ईदला तिथे घरी होतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचाही आला होता. शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या आणि पोरगा लॅपटॉप उघडून बसला. मी डोकावलो तर म्हणाला, "बाला दाश, मलानोरे!"

मला वाटलं शिवी आहे. ती निघाली एल्फ लोकांची सलाम-दुवा, 'नमस्कार, प्रवाशा' अशा अर्थाची.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा हा खेळ २००४ साली आला. जगभरातली माणसं त्यात एकेक सोंग घेऊन उतरतात, कुणी माणूस, कुणी राक्षस, कुणी लांब कानांचा एल्फ. दोन तट आहेत, अलायन्स आणि होर्ड. एल्फ दोन्हीकडे आहेत. रात्रीचे एल्फ अलायन्समध्ये, त्यांची भाषा दार्नासियन. भाचा रक्त-एल्फ, ते २००७ मध्ये होर्डमध्ये आले आणि थलासियन बोलतात. थलासियन ही दार्नासियनमधूनच निघालेली. हजारो वर्षांपूर्वी भाऊबंदकी झाली, एक शाखा देशोधडीला लागली, भाषा वेगळी झाली. हे सगळं भाच्याला तोंडपाठ आहे. आमच्या पणजोबांचं नाव विचारलं तर आईकडे बघतो.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. एका तटाचा खेळाडू काही बोलला, म्हणजे टाइप केलं, की समोरच्या तटाला ते कळत नाही. खेळच त्या शब्दांच्या जागी एल्फांचे किंवा ऑर्कांचे शब्द घालतो. पण हा अनुवाद नसतो. शब्द किती अक्षरांचा आहे ते बघून तेवढ्याच लांबीचा एक शब्द यादीतून उचलून ठेवला जातो. होर्डवाल्याने हसून 'लोल' लिहिलं की अलायन्सला 'केक' दिसतं. सलामाचे, शपथेचे असे थोडे ठरलेले बोल सोडले तर तिथे दिसणाऱ्या शब्दांना अर्थच नाही. समोरच्याला कळू नये एवढंच त्या भाषेचं काम.

"मग ते तुम्हाला काय बोलतात हे कधीच कळत नाही?"

"नै ना मामू. सीधा मारना."

ऐकून मला दादा आठवले. दादा म्हणजे आमचे आजोबा, बैलबाजारातले दलाल. सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालाआड, बोटं धरून भाव सांगायचा, बाहेर चेहरे एकदम कोरे. बोटं सोडून दादांकडे थोडे शब्दही होते. त्यातला एक माझ्या लक्षात राहिला, 'पोकू'. लहानपणी आम्ही तो एकमेकांना चिडवायला वापरायचो. पुष्कळ वर्षांनी मोल्सवर्थच्या कोशात, १८५७ च्या आवृत्तीत, 'नंदभाषा' शब्दाखाली तो सापडला. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. मराठी मुलखातल्या दलाल-व्यापाऱ्यांची ही चोरभाषा. तीही गिऱ्हाइकाला कळू नये म्हणूनच केलेली. पण तिच्यात पोकू म्हणजे चारच. हिंदू दलाल आणि मुसलमान दलाल, दोघांचाही चारच.

भाच्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, "ग्रामर होतं का?" नव्हतं. शब्द वेगळे, बाकी वाक्य मराठीच. त्याचा चेहरा जरा पडला. मग त्यानेच मला टॉल्किनचं सांगितलं. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकाने एल्फांसाठी क्वेन्या आणि सिंडारिन अशा दोन भाषा रचल्या, एकीवर फिनिश भाषेची छाया, दुसरीवर वेल्शची. दोन्हींना एक समान मूळ दिलं, कोणता उच्चार कसा बदलत गेला त्याचे नियम बसवले. आधी भाषा, मग ती बोलणाऱ्यांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी, असं तो स्वतःच सांगायचा. १९३१ मध्ये या नादावर त्याने एक व्याख्यान दिलं, त्यात या छंदाला 'गुप्त व्यसन' म्हटलं. मला हा माणूस आवडला. नसलेल्या लोकांच्या बोलीची इतकी काळजी!

तेवढ्यात आतून अम्मीने हाक मारली, "कायकू उसके पीछे लगा? उसकू जेवने दे!" भाचा हसून म्हणाला, "अपनी उर्दू भी क्या टूटी-फूटी है ना मामू."

मला राग आला. राग त्याचा नव्हता. शाळेत एका सरांनी मला 'मैंच' म्हटल्याबद्दल उभं केलं होतं, 'मैं ही' बोल म्हणून. घरी येऊन मी अम्मीला सुधारायला गेलो होतो, त्याची लाज अजून वाटते. दुसरीकडे हिंगोलीहून येताना एसटीत अम्मी फोनवर बहिणीला सांगत होती, "दूध गैस पे है, हल्लू उतार, मैंच आती." मागच्या सीटवरून आवाज आला, "मराठीत बोला की, आम्हाला पण कळू द्या." 'हल्लू' म्हणजे हळू. 'मैंच' मधला च हा मीच, तूच, आत्ताच मधला च. नक्को म्हणजे नको. शेकडो वर्षं एका बांधावर राहून हे शब्द आले. आणि मागच्या माणसाला मात्र दार्नासियन ऐकू आली. मी मागे वळून मराठीत दुधाचं सांगितलं, तर तो म्हणाला, "तुम्ही मराठी चांगली बोलता हो!"

भाच्याला जेवताना मी एवढंच सांगितलं की तुझ्या थलासियनला जसं मूळ आहे तसं आपल्या दखनीलाही आहे. वली औरंगाबादींचं नाव सांगितलं, गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाचं सांगितलं, 'च' कुठून आला ते सांगितलं. त्याने बोटं चाटत ऐकून घेतलं. पटलं की नाही कळलं नाही.

रात्री तो पुन्हा खेळायला बसला. रात्रीचा एक एल्फ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. भाच्याने रोमन लिपीत टाइप केलं, "नक्को मारू रे, मैंच जाता." समोरच्याला त्याच लांबीचे कुठले तरी पाच शब्द दिसले असतील. तो क्षणभर थांबला आणि मग त्याने तलवार काढली.