हार्त्सच्या जंगलातला ‘फॉलो-अप’

जर्मन भाषेचा क्लास लावलात तर कधी ना कधी ‘श्वाइस’ हा शब्द भेटतोच. अर्थ अगदी साधा, घाम. पण हाच शब्द जर्मन शिकाऱ्याच्या तोंडी आला की त्याचा अर्थ होतो जखमी जनावराचं सांडलेलं रक्त. आणि ‘श्वाइसहुंड’ म्हणजे त्या रक्ताचा माग काढणारा कुत्रा. शिकार पकडणारा नाही, पळवणारा नाही, तर जखमी होऊन जंगलात नाहीसं झालेलं जनावर शोधून देणारा. त्याच्या घराण्याची नाळ जिथे जोडलेली आहे, त्या उत्तर जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांत मी मागच्या नोव्हेंबरमध्ये आठवडाभर होते.

हानोवरहून ट्रेन पकडली की तासाभराच्या आसपास गोस्लार येतं. लाकडी चौकटींची जुनी घरं, दगडी गल्ल्या, १९९२ पासून ‘युनेस्को’च्या यादीत असलेलं गाव. फोटोंसाठी एकदम मस्त! तिथून वर चढत गेलं की जंगल सुरू होतं. ब्रोकन हे इथलं सर्वात उंच शिखर, ११४१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने बुटकं, पण धुक्याच्या बाबतीत भलतंच श्रीमंत. २०१८ पासूनचा दुष्काळ आणि झाडाची साल पोखरणारे किडे यांनी इथली स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणावर मारली. त्यामुळे डोंगरच्या डोंगर करड्या सांगाड्यांनी भरलेले दिसतात आणि मधून मधून नवीन झाडोरा वर येतोय. या झाडोऱ्यात जनावर लपलं की माणसाच्या डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

राजवाड्यातून जंगलात

बंदुका येण्याआधी जर्मन राजेरजवाड्यांकडे ‘लाइटहुंड’ नावाचे कुत्रे असायचे. पट्ट्याला बांधलेला हा कुत्रा नाक जमिनीला लावून शिकारीच्या दिवशी नेमकं कोणतं सांबर कुठे बसलंय ते दाखवायचा. (इथलं रेड डिअर आपल्या सांबराचं भाऊबंद, म्हणून सांबर म्हणते.) मग बंदूक आली आणि प्रश्नच बदलला. जनावर लांबून टिपता यायला लागलं, पण प्रत्येक गोळी नेमकी बसत नाही. जखमी जनावर पळतं, झाडीत पडून राहतं आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडतं. त्याला शोधायचं कुणी?

एकोणिसाव्या शतकात हानोवरच्या राजदरबाराच्या शिकारखान्याने हे काम अंगावर घेतलं. जुन्या लाइटहुंडच्या रक्तातून हानोवेरियन श्वाइसहुंड पक्का झाला. लालसर किंवा पट्टेरी रंग, लांब कान, कपाळावर कायमच्या आठ्या. वजन तीस-पस्तीस किलो. चेहरा असा की जणू महिनाअखेरीचा हिशोब जुळत नाहीये! पण उंच आल्प्समध्ये हा गडी जरा जड पडायचा. म्हणून १८७० नंतर बव्हेरियात त्याचा हलक्या पहाडी कुत्र्यांशी संकर करून बव्हेरियन माउंटन हाउंड तयार झाला.

या कुत्र्यांची पैदास सौंदर्यस्पर्धेसाठी होत नाही. ‘फेराइन हिर्शमान’ हा हानोवेरियनचा क्लब १८९४ साली स्थापन झाला. बव्हेरियनचा क्लब १९१२ चा. नियम कडक. कुत्र्याने कामाची परीक्षा दिल्याशिवाय त्याची पिल्लं घ्यायची नाहीत. पूर्वपरीक्षेत काही तास जुना, निरोगी जनावराचा माग काढायचा. म्हणजे रक्ताचा थेंबही नसताना! मुख्य परीक्षा मात्र खऱ्याखुऱ्या जखमी जनावराच्या मागावर. पिल्लू मिळायचं तर तुमच्याकडेही हे काम हवं. ‘क्यूट आहे, फ्लॅटमध्ये ठेवू’ म्हणून कितीही युरो मोजलेत तरी क्लबचा ब्रीडर दार उघडणार नाही.

घाटात रात्री साडेनऊला

माझा मावसभाऊ क्लाउस्टालच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकला आणि तिकडेच रमला. गोस्लारहून क्लाउस्टालला जाणाऱ्या घाटात एका रात्री आमच्या गाडीसमोर एक ‘रो डिअर’ आलं. आपल्या भेकराएवढं हरीण. गाडी हळू होती, तरी धडक बसलीच. हरीण उठलं, तीन पायांवर उड्या मारत झाडीत गेलं. भाऊ थरथरत होता. मी उतरून टॉर्च घेऊन निघाले, तर म्हणाला, “अगं वेडी आहेस का? मागे जायचं नाही. तू गेलीस तर ते आणखी लांब पळेल.”

त्याने पोलिसांना फोन केला, जागा दाखवली. पोलिसांनी त्या भागाची जबाबदारी असलेल्या शिकाऱ्याला कळवलं. तिथे ही रोजचीच गोष्ट. २०२३ मध्ये जर्मनीत विमा उतरवलेल्या अडीच लाखांहून जास्त गाड्यांची जनावरांशी टक्कर झाली. रात्रभर मला झोप नाही. ते हरीण कुठेतरी थंडीत पडलंय आणि आपण हीटर लावून पांघरुणात!

सकाळी उजाडल्यावर आम्ही जागा दाखवायला गेलो. साठीचे एक फॉरेस्टर आले होते. मी मनातल्या मनात त्यांना ‘काका’ करून टाकलं. सोबत लालसर रंगाची हानोवेरियन कुत्री. काकांनी आधी तिला लांब बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून रस्त्याकडेचं गवत तपासलं. काही केस, काळपट थेंब, हेडलाइटची काच. गोळीची जखम असती तर इथेच अर्धा निकाल लागला असता. फेसाळ, लालभडक रक्त म्हणजे फुप्फुस. गडद तपकिरी म्हणजे यकृत. हिरवट घाण म्हणजे पोट. पोटाची जखम असेल तर मुद्दाम कित्येक तास थांबतात. जनावराला जवळच बसू देतात. घाई केली तर ते दुखणं घेऊन मैलभर पळतं. मला वाटलं होतं, दया म्हणजे धावत जाणं. इथे दया म्हणजे घड्याळ बघणं.

मग रुंद गळपट्टा, दहा-बारा मीटरचा कातडी पट्टा आणि हलकी आज्ञा, “झूख फरवुंट”, म्हणजे जखमी शोध. कुत्री चालायला लागली. पळत नाही, भुंकत नाही, अगदी सावकाश. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या आसपास. शिवाय हरणाच्या खुरांमधल्या ग्रंथींतून प्रत्येक पावलाला त्याचा स्वतःचा वास जमिनीवर उतरतो. म्हणून रक्त थांबलं तरी माग संपत नाही, आणि मधेच दुसऱ्या हरणाचा ताजा वास आडवा आला तरी शिकलेली कुत्री आपलंच हरीण धरून ठेवते. हे शिकवायला काही जण बुटाखाली हरणाचे खूर बसवून खोटा माग तयार करतात. तयार व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

रक्ताचा थेंब दिसला की ती थांबायची. काका शाबासकी द्यायचे आणि फांदीला कागदी पट्टी बांधायचे. एका ओढ्याशी ती गडबडली. काकांनी तिला ओढलं नाही, दिशा सुचवली नाही. शेवटच्या पट्टीपर्यंत परत नेलं आणि पुन्हा सुरुवात करू दिली. दुसऱ्या खेपेला ती सरळ ओढ्यापलीकडे गेली.

हरीण जिवंत होतं. मागचा पाय पूर्ण तुटलेला. आम्हाला मागेच थांबायला सांगितलं. एक आवाज झाला आणि संपलं. काकांनी स्प्रूसची छोटी डहाळी तोडून हरणाच्या तोंडात ठेवली. याला ‘शेवटचा घास’ म्हणतात. मग टोपी काढून क्षणभर उभे राहिले. भावाने डोळे पुसले. मी कॅमेरा काढलाच नाही.

आपल्याकडे कसं?

परतताना मी विचारलंच, मुळात शिकारच केली नाही तर? काका म्हणाले, रानडुकरं शेतं उद्ध्वस्त करतात. खरंय, २०१९-२० च्या हंगामात जर्मनीत आठ लाखांहून जास्त रानडुकरं मारली गेली. त्यावर माझं पूर्ण समाधान झालं नाही, पण त्यांच्या कायद्यातली एक गोष्ट पटली. जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदनांतून विनाविलंब सोडवायचं, हे शिकारकायद्याच्या २२-अ कलमात बंधन म्हणून लिहिलंय. म्हणजे ट्रिगर ओढला की काम संपलं नाही, सुरू झालं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे अशा कुत्र्यांना इथे काम नाही. लातूरकडचा आपला कारवानी तर नाकापेक्षा डोळ्यांवर धावणारा. पण नाकाचं काम आपल्या जंगलातही चालतं, उलट बाजूने. २००८ पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया वनखात्यांसाठी श्वानपथकं तयार करताहेत. ती कातडी, हाडं आणि शिकारी हुडकून काढतात.

हार्त्सला जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर छान. जाड जॅकेट न्या, गोस्लारला कॉफी आणि केक चुकवू नका. गाडी भाड्याने घेतलीत तर संध्याकाळी आणि पहाटे घाटात स्पीड कमी ठेवा. आणि जनावराला धक्का लागलाच, तर हॅझर्ड लाइट लावा, ११० ला फोन करा आणि ते कोणत्या दिशेने गेलं ते नीट लक्षात ठेवा. सकाळी पट्टा हातात घेऊन जो माणूस येईल, त्याला सगळ्यात आधी तेवढंच हवं असतं.