ड्रोनवरचा मांडणा

दिवाळी झाल्यावर चार दिवस मावसबहिणीकडे हाटपिपल्याला जाऊन आले. निघताना इथं प्रत्येकाने विचारलं, "हे कुठं आलं गं?" मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात. देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं विलीन झाली, पण त्या काळापासून तिथं रुजलेली मराठी घरं अजून आहेत. बहिणीचं सासर त्यांतलंच. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात माळवी इतकी मुरलीय की भाचा मला मावशी न म्हणता 'मौसी' म्हणतो.

हा भाचा इंदूरला कॉलेजात शिकतो. सुटे भाग जमवून त्याने एक ड्रोन बांधलाय. मी पोचले तेव्हा हा ओट्यावर पेपर पसरून, ड्रोनचं पांढरं प्लॅस्टिकचं कवच पुढ्यात घेऊन, डोक्याला हात लावून बसलेला.

"मौसी, जास्तच जड होऊन गेलं!"

झालं होतं असं. त्याची आजी, म्हणजे बहिणीची सासू, गेल्या वर्षी गेली. ती दर दिवाळीला अंगणात मांडणा काढायची. रांगोळी कोरडी असते, पण मांडणा ओला. जमीन शेणाने सारवून गेरूने लाल करायची आणि त्यावर खडीच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने, बोटातून ओघळ सोडत, पांढऱ्या रेघा ओढायच्या. मधे चौक, कडेला पणत्या, उंबऱ्याकडे येणारी लक्ष्मीची पावलं. पुढे अंगणात फरशी बसवली. फरशीवर ना शेण धरत, ना गेरू. आजीचा शेवटचा मांडणा आता फक्त भाच्याच्या मोबाइलमध्ये आहे. तो याला ड्रोनवर हवा होता.

पण ड्रोनला वजनाचं पथ्य! २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' समजतात, आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. याचा ड्रोन बॅटरीसकट २४३ ग्रॅम. म्हणजे सगळ्या हौसेला सात ग्रॅम! याने ब्रशने गेरू रंगाचे तीन हात दिले, त्यावर पांढऱ्या रेघा, वर वॉर्निश. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर २५१.

"एक ग्रॅमने काय होतं रे?" मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

मग दोन दिवस मी त्याची शागीर्द झाले. ड्रोन रंगवणं म्हणजे कुठं रंगवायचं नाही ते शिकणं, हे तेव्हा कळलं. पंख्यांना रंग लावायचा नाही, कारण एका पात्यावर थेंबभर जास्त बसला तरी तोल जातो, सगळं थरथरतं आणि चित्रण हलतं. हवेची भोकं बुजवायची नाहीत. पोटाखालचे सेन्सर झाकायचे नाहीत. जीपीएस असतो तिथं चंदेरी रंग नको, त्यातली धातूची भुकटी सिग्नल अडवू शकते. काळा तर नकोच, माळव्याच्या उन्हात तापून निघेल. आणि थिनर जपून, नाहीतर प्लॅस्टिकला तडे जातात.

स्पिरिटने आधीचा रंग पुसता पुसता मला आमची कावी आठवली. गोव्यात, कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर ती दिसते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव घातलेला लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून काढायचा. खालचा पांढरा उघडा पडतो, लाल राहतं ते चित्र.

"अरे, पांढरा रंग लावतोसच कशाला? तुझं प्लॅस्टिक पांढरंच आहे की!"

क्षणभर तो बघत राहिला. मग उठला, बारीक पॉलिश पेपर फिरवून कवच खरबरीत केलं, स्पिरिटने पुसलं आणि गेरूचा एकच पातळ हात दिला, तोही फक्त मागच्या अर्ध्या भागाला. पुढचा भाग पांढराच ठेवला. वर गेलेल्या ड्रोनचं तोंड कुठं नि शेपूट कुठं हे खालून कळेनासं होतं. एकदा तो असाच कडुनिंबात घुसता घुसता वाचला होता. रंग अर्धवट वाळल्यावर सुईने, मोबाइलमधला फोटो समोर ठेवून, आजीचा चौक कोरला. पावलं मात्र दोनच बसली.

काटा म्हणाला २४५.

संध्याकाळी आम्ही शेताकडे गेलो. सोयाबीन निघालेलं, गव्हासाठी नांगरलेली काळीभोर जमीन. ड्रोन चाळीसेक मीटर वर गेला आणि नक्षी दिसेनाशी झाली. एक पांढरं टोक आणि एक लाल, बस्स. मला जरा वाईटच वाटलं.

"एवढं कोरलंस, आणि खालून तर काहीच दिसत नाही रे. चौक वरच्या अंगाला ना!"

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आजी अंगणात काढायची, तेव्हा वरून कोण बघत होतं, मौसी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मांडणा आभाळाकडे तोंड करूनच असतो, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परतल्यावर त्याने ड्रोन अंगणात फरशीवर उतरवला, उंबऱ्यासमोर. बहीण आतून पणती घेऊन आली. ड्रोन बघून थांबली, खाली वाकली, दोन पावलं बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हे बाहेरच्या दिशेने चाललेत. आईंची आत यायची."

भाच्याने ड्रोन उचलला, फिरवला आणि पुन्हा ठेवला. मग तिने शेजारी पणती ठेवली.