रोलबॅकच्या भरवशावर

कुबरनेटीजवर हेल्म वापरायला लागलं की सगळ्यात आधी भुरळ पडते ती रोलबॅकची. नवी आवृत्ती बिघडली तर एका ओळीत जुनी परत! या भरवशावर मी चार्ट लिहिताना पुष्कळ गोष्टी नीट वाचल्याच नाहीत.

उबुंटूवर अ‍ॅप्ट, तसं क्लस्टरवर हेल्म, एवढीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात हेल्म टेम्प्लेटमध्ये व्हॅल्यूज भरून यामल मजकूर तयार करतो, तो क्लस्टरकडे पाठवतो आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. डेटाबेसच्या डिस्कवर काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हेल्म फक्त मजकूर छापतो, हा इशारा मला आधी एकदा मिळालाही होता. आमची पाइपलाइन गिट कमिटच्या हॅशची पहिली सात अक्षरं इमेजचा टॅग म्हणून व्हॅल्यूज फाइलमध्ये लिहायची, अवतरणचिन्हांशिवाय. एकदा सातही अक्षरं नेमकी आकडे निघाली. हेल्मने ती संख्या समजून घातांकाच्या रूपात छापली आणि कुबरनेटीजने इमेजचं नाव अवैध ठरवलं. मी अवतरणचिन्हं घातली, हसले आणि विसरून गेले.

खरी चूक एका ओळीची होती. अहवाल तयार करणाऱ्या सेवेसाठी पोस्टग्रेस लागत होता. पासवर्ड फाइलमध्ये लिहून ठेवायचा नाही, म्हणून सीक्रेटच्या टेम्प्लेटमध्ये मी यादृच्छिक सोळा अक्षरं तयार करणारं फंक्शन टाकलं. मोठी हुशारी केली असंच तेव्हा वाटलं. पण टेम्प्लेट दर अपग्रेडला नव्याने चालतं, म्हणजे पासवर्डही दर वेळी नवा. पोस्टग्रेस मात्र डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच तो वाचतो. पुढे सीक्रेटमध्ये काहीही बदला, तो ढुंकून बघत नाही.

मग बिघाड लगेच का दिसला नाही? सीक्रेट बदललं म्हणून पॉड आपोआप रीस्टार्ट होत नाहीत, आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये घेतलेली किंमत पॉड सुरू होतानाच वाचली जाते. आम्ही सतत बदलायचो ते त्याच चार्टमधलं वेब अ‍ॅप, आणि त्याचा या डेटाबेसशी संबंध नव्हता. अहवालाची सेवा जुना पासवर्ड धरून मजेत चालली होती. सीक्रेटचा चेकसम पॉडच्या अ‍ॅनोटेशनमध्ये टाकायची पद्धत आहे. त्यामुळे सीक्रेट बदललं की पॉड नव्याने सुरू होतो. उगाच रीस्टार्ट नकोत म्हणून मी तो टाकला नव्हता. टाकला असता तर पहिल्याच अपग्रेडला फजिती झाली असती, आणि तेव्हा ती स्वस्तात पडली असती.

एका रात्री देखभालीसाठी एक नोड रिकामा केला. अहवालाचा पॉड दुसरीकडे उठला, नवा पासवर्ड घेऊन गेला आणि पोस्टग्रेसने त्याला दारातच अडवलं. मी रोलबॅक केलं. मागच्या आवृत्तीचा पासवर्डही चुकीचा, कारण तोही कुठल्यातरी अपग्रेडने तयार केलेला. आणखी मागे गेले, तेच. पहिली आवृत्ती यादीतच नव्हती. हेल्म ३ सांगितल्याशिवाय शेवटच्या १० आवृत्त्याच ठेवतो.

घाबरून केलेली पुढची गोष्ट आजही सांगायला जड जाते. मी अख्खं रिलीज अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं. त्यात उरलासुरला इतिहास गेला. आणि पोस्टग्रेसचा पॉड दुसऱ्या नोडवर चार्टच्या पहिल्या दिवसापासून चालू होता. खरा पासवर्ड त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तोपर्यंत तसाच होता. तो मी स्वतःच्या हाताने घालवला. डेटा वाचला तो निव्वळ स्टेटफुलसेटच्या स्वभावामुळे: त्याच्या साच्यातून तयार झालेले व्हॉल्यूम क्लेम अनइन्स्टॉलनंतरही राहतात. तोच क्लेम मी साध्या टेम्प्लेटमध्ये लिहिला असता तर हेल्मने तोही पुसला असता.

नव्या कोऱ्या इन्स्टॉलनंतरही दार उघडेना, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये कंटेनरच्या आतून जोडलं तर पासवर्ड विचारत नाहीत. आत शिरून सीक्रेटमधलाच पासवर्ड डेटाबेसला दिला आणि सेवा उठली.

दुरुस्ती म्हणून आधी लुकअप फंक्शन घातलं: सीक्रेट असेल तर तेच वापर, नसेल तर नवं कर. तिथेही माझा अभ्यास अपुरा पडला. आमचा एक क्लस्टर आर्गो सीडीवर होता. आर्गो फक्त टेम्प्लेटचा मजकूर काढून घेतो, त्यात लुकअपला क्लस्टर दिसतच नाही, आणि दर वेळी उत्तर रिकामं. सुदैवाने हे चाचणीतच सापडलं. आता पासवर्ड चार्टच्या बाहेर तयार होतो आणि चार्टला फक्त सीक्रेटचं नाव कळतं.

माझ्या चार्टची प्रत आणखी काही टीमनी उचललेली होती, हे नंतर कळलं. त्यांच्याकडे सगळं सुरळीत होतं, म्हणजे पॉड रीस्टार्ट झाले नव्हते. त्यांना आधी बजावलं की कशालाही हात लावू नका. मग चालू पॉडच्या एन्व्हायर्नमेंटमधून खरे पासवर्ड काढून घेतले आणि त्यानंतरच चार्ट बदलला. एकाने विचारलं, ‘पण चालतंय ना?’ त्याला हा सगळा किस्सा सांगावा लागला.