आठवी गल्ली ओलांडली!

कोल्हापुरात राजारामपुरीतला पत्ता सोपा! गल्ल्यांना चक्क नंबर. माझी मावशी आठवीत राहते. (इयत्ता नव्हे, गल्ली!) तिथून टाकाळ्यावर भटकायला गेलो आणि पायाला काहीतरी चावलं. सकाळी घोटा टम्म! मी चुना शोधू लागलो. मावशीनं डबी हिसकावली, पाय साबणानं धुतला, गार पाण्याची पट्टी ठेवली आणि लालीभोवती बॉलपेननं रेघ ओढली.

"खाजवू नकोस. पहिल्या दिवसाची सूज बहुधा नुसत्या चाव्याची. पण लाली रेघेबाहेर गेली, पू झाला, ताप आला, तर डॉक्टर. आणि ओठ सुजले, दम लागला, तर क्षणभरही थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल!"

तिसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून पुढं! "आली बघ नवव्या गल्लीत," मावशी म्हणाली, आणि चप्पल घातली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. घोटा उतरला. बॉलपेनची रेघ मात्र आठवडाभर जाईना!